एसटीपी असूनही रोज चार टँकर: नवीन प्लांट घ्यावा, बागेत कर्दळीचे वाफे करावेत, की आणखी काही?

रहाटणीकर

नमस्कार मंडळी,

पिंपरी-चिंचवडमध्ये रहाटणीला आमची सोसायटी आहे. तीन विंग, १८० फ्लॅट, साधारण सव्वासातशे माणसं. यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय आणि या वर्षात पाण्याचा प्रश्न मार्गी लावायचाच असं मनावर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे महापालिकेचं पाणी नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड येतं. पवना धरण भरलेलं असलं तरी वेळापत्रक तेच. उन्हाळ्यात ते पुरत नाही. मार्च ते जून रोज दहा हजार लिटरचे चार टँकर मागवतो, टँकरला अकराशे रुपये. म्हणजे महिन्याला एक लाख बत्तीस हजार रुपये नुसते टँकरला. बोअरवेल दोन आहेत, त्यातली एक फेब्रुवारीतच आटते.

आता खरी गोष्ट. तळघरात आमचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे, रोज एक लाख लिटर क्षमतेचा. बिल्डरने बांधून दिला. फ्लशसाठी वेगळी पाइपलाइनसुद्धा आहे. पण काही वर्षांपूर्वी फ्लशला पिवळट, वास येणारं पाणी येऊ लागलं, बी विंगमधून तक्रारींचा पाऊस पडला आणि तेव्हाच्या कमिटीने फ्लशची लाइन सरळ चांगल्या पाण्याला जोडून टाकली. तेव्हापासून एसटीपीचं पाणी थोडंफार बागेला जातं, बाकी सगळं ड्रेनेजमध्ये. ऑपरेटर सकाळी दोन तास येतो.

समोर तीन प्रस्ताव आहेत. एका कंपनीने जुना प्लांट काढून मेम्ब्रेनवाला (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारा) नवा, म्हणजे एमबीआर, बसवायचं अडतीस लाखांचं कोटेशन दिलंय. आमच्यातले एक आर्किटेक्ट म्हणतात, बागेत कर्दळ, वेळू लावून निसर्गतः पाणी शुद्ध करू, वीज लागणारच नाही. आणि ज्येष्ठ मंडळींपैकी काहींचं मत, कशाला भानगड, टँकर घ्या आणि मोकळे व्हा. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी कृपया लिहा.

मंजिरी_का

रहाटणीकर, तिन्हीपैकी एकही प्रस्ताव सभेत मंजूर करून घेऊ नका. निदान या रविवारी तरी नको. का ते सांगते.

मी रसायनशास्त्राची. गेली बरीच वर्षं सोसायट्यांचे आणि छोट्या हॉस्पिटलांचे सांडपाणी प्लांट सांभाळण्याचं काम करते, पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे. तुमच्यासारखी परिस्थिती मला जागोजाग भेटते. यंत्र असतं, पाइप असतो, पाणीही असतं. नसतो तो फक्त त्या प्लांटकडे दिवसभर बघणारा माणूस.

आधी तुमचाच हिशेब मांडू. नियमावलीत माणशी रोज १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. सव्वासातशे माणसांना फ्लशला साधारण ३२ हजार लिटर. बाग किती आहे ते तुम्ही लिहिलं नाही, अर्धा एकर धरते. चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर म्हटलं तर आठ-दहा हजार लिटर. दोन्ही मिळून चाळीस-बेचाळीस हजार. तुमचे चार टँकर म्हणजे किती? चाळीस हजार. म्हणजे तुम्ही उन्हाळाभर जे पाणी विकत घेता, ते जवळजवळ तेवढंच पाणी संडासात आणि झाडांना घालता, आणि त्याच कामाचं पाणी तळघरातून ड्रेनेजला सोडता. सभेत हे एवढंच फळ्यावर लिहा. बाकी भाषणाची गरज पडणार नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय (एक लाख लिटर, बिल्डरने दिलेला) त्यावरून तो हवेच्या टाकीचा साधा प्लांट असावा. एक टाकी, तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर, वर त्यांना हवा पुरवणारा ब्लोअर, पुढे गाळ बसवायची टाकी, मग वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर, शेवटी क्लोरीन. यात काम करतात ते जिवाणू. मैला तेच खातात. त्यांना दोन गोष्टी लागतात, खायला आणि श्वासाला. खायला आपण चोवीस तास देतो. श्वास मात्र ब्लोअर चालू असेल तरच.

आता तळघरात जा आणि ब्लोअरच्या पॅनेलवर टायमर लावलाय का बघा. दहातल्या बहुतेक ठिकाणी वीज वाचवायला रात्री अकरा ते पहाटे पाच ब्लोअर बंद ठेवलेला असतो. पाच हॉर्सपॉवरचा ब्लोअर तासाला पावणेचार युनिटच्या आसपास घेतो. सहा तास बंद म्हणजे बावीस-तेवीस युनिट वाचले, दहा रुपये दराने सव्वादोनशे रुपये. एका टँकरचा पाचवा हिस्सा. त्यासाठी टाकीतले जिवाणू रोज गुदमरतात, टाकी सडते, आणि सकाळी पहिल्या फ्लशला सडक्या अंड्याचा वास येतो. मग लोक म्हणतात, रिसायकल केलेलं पाणी घाणच असतं. पाणी घाण नसतं हो, त्याला अर्धवट सोडलेलं असतं.

तुम्ही स्वतः एक चाचणी करा. लॅब लागत नाही. एक लिटरचा उभा मोजपात्र घ्या, काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा, शालेय प्रयोगशाळेच्या दुकानात मिळतो. हवेच्या टाकीतलं घुसळलेलं पाणी त्यात काठोकाठ भरा, सपाट जागी ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. चांगल्या प्लांटमध्ये गाळाचे कण आधी एकमेकांना चिकटून गोळे होतात, मग एकसंध थर खाली सरकायला लागतो. वरचं पाणी स्वच्छ होत जातं, इतकं की पलीकडची अक्षरं वाचता यावीत. अर्ध्या तासाने थर साधारण अडीचशे ते चारशे मिलीच्या रेघेवर थांबला, रंग चॉकलेटी असला आणि नाकाशी नेल्यावर ओल्या मातीचा वास आला, तर प्लांट जिवंत आहे. काळं असेल तर हवा कमी. थर पन्नास-साठ मिलीचाच असेल तर गाळच, म्हणजे जिवाणूच, उरलेले नाहीत. आठशे-नऊशेवर अडकला तर गाळ काढलेलाच नाही. टाकीत प्लास्टिकच्या चकत्या तरंगत असतील तर मात्र तो एमबीबीआर (त्यात जिवाणू त्या चकत्यांवर वाढतात), त्याला ही चाचणी फारशी लागू पडत नाही, तसं कळवा.

एमबीआर वाईट नाही. पाणी फार सुरेख देतो. पण त्याला जास्त वीज लागते, बारीक जाळी लागते, मेम्ब्रेन वेळच्या वेळी रसायनाने धुवावे लागतात आणि काही वर्षांनी बदलावे लागतात. ज्या सोसायटीला साधा ब्लोअर चोवीस तास चालवायला परवडत नाही असं वाटतं, तिथे तो वर्षभरात तुंबतो. अडतीस लाख घालून तुम्ही तोच ऑपरेटर, तेच दोन तास ठेवणार असाल तर निकालही तोच लागेल.

चाचणी करून इथे लिहा, मग पुढचं सांगते.

वेळूबन

लँडस्केपचं काम करते, म्हणून झाडांच्या प्रस्तावाबद्दल लिहिते. तुमच्या आर्किटेक्ट सभासदांची दिशा चांगली आहे, फक्त जागेचा हिशेब बघा.

खडीच्या वाफ्यात पाणी पृष्ठभागाखालून संथ वाहतं, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत. कर्दळ, पाणकणीस, वेळूच्या जातीचं गवत यांची मुळं खडीत पसरतात आणि मुळांभोवतीचे जिवाणू पाणी साफ करतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड नावाचं तंत्र विकसित केलंय. आपल्या हवेत ते छान चालतं, कारण थंडीत झाडं मरत नाहीत. विजेचं बिल नगण्य, आवाज नाही, आणि कर्दळ फुलली की लोक आपणहून तिथे बसायला येतात.

पण सगळं मैलापाणी त्यावर टाकायचं तर माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरावी लागते, आणि आधी गाळ बसवायची टाकी वेगळी. तुमच्या सव्वासातशे माणसांना सातशे ते चौदाशे चौरस मीटर. अर्ध्या एकराची बाग असेल तर तिचा तिसऱ्या हिश्श्यापासून पाऊण हिश्श्यापर्यंत वाफेच होतील. मुलांना खेळायला काय उरणार? आणि तळघराच्या स्लॅबवर बाग असेल तर एवढ्या ओल्या खडीचं वजन स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय टाकू नये.

बंगला, बारा-पंधरा फ्लॅटची इमारत, शाळा, वसतिगृह यांना हा उपाय मी डोळे झाकून सुचवते. तुमच्याकडे एसटीपीतून बाहेर आलेलं पाणी शेवटी एका लहान वाफ्यातून फिरवून बागेला द्या. पाणी आणखी निवळेल आणि रहिवाशांना काय चाललंय ते डोळ्यांना दिसेल. तळघरातलं कुणाला दिसत नाही, हीच तर या सगळ्याची मोठी अडचण आहे.

मोठ्या जागेवर निसर्ग काय करू शकतो हे पाहायचं तर पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन पाहा. साडेबारा हजार हेक्टर, २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. शहराचं सांडपाणी उथळ तलावांत जातं, त्यांना तिथे भेरी म्हणतात. ऊन आणि शेवाळ मिळून ते साफ करतात, त्यात मासे वाढतात, आजूबाजूला भाजी पिकते. हे शास्त्र तिथल्या मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताने सांभाळलंय. पण ती जमीनच तेवढी होती, आणि तिच्यावर बांधकाम होऊ नये म्हणून ध्रुवज्योती घोष यांच्यासारख्या अभियंत्याला आयुष्य वेचावं लागलं.

बंगळुरूहून_मराठी

आमच्याकडे २०२४ च्या उन्हाळ्यात जी वेळ आली ती तुमच्यावर येऊ नये. बोअर एकामागून एक आटले, टँकरचे भाव भिडले गगनाला. त्या वेळी नळांना एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, बसवणं सक्तीचं झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये आधी कुरकुर झाली, पण हात धुवायच्या बेसिनला साध्या नळातून मिनिटाला दहा-बारा लिटर जातं, एअरेटरने ते तीन-चारवर येतं. प्रत्येक नळामागे खर्च किरकोळ. रहाटणीकर, हे काम सभेच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा होऊ शकतं.

दुसरं, शहराच्या पातळीवर. बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं पाणी २०१८ पासून पाइपने कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडतात. कोरडे तलाव भरले, विहिरींना पाणी आलं. पण तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया न करता पाणी सोडतात म्हणून वादही झाला, आणि तो वाद मला रास्त वाटतो. जे पाणी जमिनीत मुरून शेवटी कुणाच्या तरी विहिरीत जाणार, ते आणखी साफ करूनच द्यायला हवं.

महाराष्ट्रात मला नागपूरचं उदाहरण आवडतं. भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे, तिथलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. वीजकेंद्राला थंड करायला पिण्याचं पाणी कशाला हवं? धरणातलं तेवढं पाणी वाचलं. सुरतेत पांडेसराच्या कारखान्यांना आणि चेन्नईत उद्योगांना असंच शुद्ध केलेलं सांडपाणी विकतात. पाणी कुठे वापरायचं ते आधी ठरलं, मग किती साफ करायचं ते ठरलं. मंजिरीताई सोसायटीबद्दल तेच सांगतायत.

रहाटणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मंजिरीताई, काल ऑपरेटरला घेऊन खाली उतरलो. तुमचं म्हणणं बरोबर निघालं, प्लांट हवेच्या टाकीचाच आहे. चकत्या वगैरे नाहीत.

ब्लोअर दोन आहेत, चालतो एकच. दुसऱ्याचा बेल्ट तुटलाय, कधीपासून ते कुणालाच ठाऊक नाही. टायमर आहे, रात्री अकरा ते पाच बंद. टाकीच्या एका कोपऱ्यात मोठमोठे बुडबुडे उसळतात, बाकी पाणी शांत. मोजपात्रात अर्ध्या तासाने जेमतेम पन्नास मिली गाळ बसला, काळपट. वरचं पाणी शेवटपर्यंत गढूळ राहिलं. वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर उलटा धुवायचा असतो हे ऑपरेटरला माहीत होतं, पण त्या पंपाचा वॉल्व जाम झालाय.

बाग तुम्ही धरली तेवढीच आहे, अर्ध्या एकराला थोडी कमी. तुमचं चाळीस हजारांचं गणित कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. टँकरवाल्या गटातले एक काका म्हणाले, हे आधी का नाही कुणी सांगितलं.

एक शंका. ऑपरेटर म्हणतो टाकी रिकामी करून आत उतरून डिफ्यूझर बघतो. उतरवू का त्याला?

दत्ता_प्लांट

दादा, नका उतरवू. हे वाचून लगेच लिहायला घेतलं.

मी स्वतः प्लांट ऑपरेटर आहे, हिंजवडीच्या बाजूला. टाकी रिकामी दिसली तरी तळाच्या गाळात गॅस अडकलेला असतो. पाय पडला की सुटतो. जास्त झाला की वाससुद्धा कळत नाही, नाकच बधिर होतं, माणूस तिथल्या तिथे पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. पेपरात दर थोड्या दिवसांनी अशी बातमी असते, एकाच टाकीत दोघे-तिघे.

तुमची टाकी रात्री बंद असते म्हणजे गॅस जास्तच. हे काम ज्यांच्याकडे गॅस मोजायचं मीटर, हवा मारायचा पंखा, कमरेचा पट्टा आणि वर माणूस दोराने ओढून काढायचं तिकाटणं आहे त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि वर एक माणूस कायम उभा. २०१३ चा कायदा आहे, संरक्षणाशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, त्या पोराच्या घरी कोण तोंड दाखवणार? हल्ली असे डिफ्यूझर मिळतात जे वरून दोरीने ओढून काढता येतात. बदलायचेच आहेत तर तसले बसवा, पुन्हा कुणाला उतरायची वेळ यायला नको.

आणखी एक बोलतो, राग नसावा. सोसायटीवाले म्हणतात ऑपरेटर लक्ष देत नाही. ऑपरेटरला दोन तासाचे पैसे देता, तो तसल्या चार-पाच सोसायट्या करतो तेव्हा त्याचं घर चालतं. जाळीत अडकलेले सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, प्लास्टिक सगळं हाताने काढतो, हातमोजेही कधी मिळतात कधी नाही. दिवाळीत फराळाच्या तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओततात, चार दिवस टाकीवर साय धरते. फरशी घासायला ऍसिड ओततात, जिवाणू मरतात. हे तळघरातल्या माणसाला कळतं, पण वर फ्लॅटमध्ये जाऊन सांगायची त्याची हिंमत नसते. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्ही सांगा. त्याला पूर्ण दिवस ठेवा, पगार द्या, बसायला उजेडाची आणि वाऱ्याची जागा द्या. मग बघा प्लांट कसा चालतो.

मंजिरी_का

दत्ता, तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन्‌शब्द मला पटला. रहाटणीकर, तो प्रतिसाद सभेत जसाच्या तसा वाचून दाखवा.

अनुजा_नाशिक

विषय थोडा बाजूला जातोय, पण विचारते. हे पाणी पिण्याइतकं शुद्ध होऊ शकतं का? सिंगापूरला म्हणे सांडपाण्याचंच पाणी पितात.

मंजिरी_का

होऊ शकतं, पण सोसायटीच्या तळघरात नाही. नामिबियाच्या विंडहूक शहरात १९६८ पासून प्रक्रिया केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतात, कारण वाळवंटी प्रदेशात त्यांना दुसरा पर्याय नव्हता. सिंगापूरने २००३ साली न्यूवॉटर सुरू केलं. आधी बारीक गाळणी, मग आरओ, मग अतिनील किरण. त्यातलं बहुतेक पाणी मायक्रोचिपच्या कारखान्यांना आणि थंड करायच्या यंत्रणांना जातं, कारण ते अतिशुद्ध असतं. थोडं जलाशयात सोडतात आणि तिथून ते पुन्हा नेहमीच्या शुद्धीकरणातून नळाला येतं. दोन्हीकडे अहोरात्र तपासणी करणारी प्रयोगशाळा आहे. ती शिस्त नसताना पिण्याचा विचार मनातही आणू नये.

आणि आरओवरून आठवलं. पवनेचं किंवा खडकवासल्याचं धरणाचं पाणी मुळातच हलकं. भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, या पाण्याचा त्याच्या निम्म्यालाही सहसा पोहोचत नाही. तरी घरोघरी आरओ लागलेत आणि एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतात. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर साधी गाळणी आणि यूव्ही पुरे. आरओ ठेवायचाच असेल तर त्याची नळी बादलीत सोडा, फरशी पुसायला ते पाणी उत्तम.

कातळखूण

पावसाचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून थोडक्यात. तिन्ही विंगच्या गच्च्या मिळून दीड हजार चौरस मीटर असतील तर २० मिलिमीटरच्या एका पावसात, गळती-बाष्पीभवन वजा करून, २४ हजार लिटर मिळतात. जवळजवळ अडीच टँकर. पहिल्या सरीचं पाणी वळवून टाकायचं, पुढचं गाळून थेट जमिनीखालच्या टाकीत घ्यायचं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्यातले बरेच टँकर वाचतील.

बोअरमध्ये मुरवायचं असेल तर मात्र आधी भूजलाच्या जाणकाराला दाखवा. आपल्याकडे खाली बेसाल्ट. एकसंध काळा कातळ लागला तर शोषखड्डा नुसता भरून राहतो. सच्छिद्र किंवा भेगाळलेला थर असेल तरच पाणी आत जातं. सगळीकडे एकाच मापाचे खड्डे खणून फोटो काढतात, त्याचा उपयोग नाही. आणि एसटीपीचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडू नका.

रहाटणीकर

सभा झाली. एमबीआरचा प्रस्ताव मागे ठेवला. ठराव असा झाला: ऑपरेटर पूर्णवेळ, दोन पाळ्यांत, टायमर काढायचा, दुसरा ब्लोअर दुरुस्त, डिफ्यूझर दोरीने निघणारे, सुरक्षिततेची साधनं असलेल्या एजन्सीकडून, नळांना एअरेटर. बी विंगमधल्या एका काकूंनी ठामपणे विचारलं, पुन्हा वास आला तर कोण जबाबदार? मी म्हटलं, मी. मंजिरीताई, आता सुरुवात कशी करायची ते सांगा, मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलोय.

मंजिरी_का

काकूंनी योग्य प्रश्न विचारला. घाई केलीत तर वास येणारच, म्हणून क्रम पाळा.

आधी हवा. दोन्ही ब्लोअर आलटून पालटून, चोवीस तास. डिफ्यूझर बदलल्यावर टाकीभर सारखे बारीक बुडबुडे दिसले पाहिजेत, कोपऱ्यात उसळी नको. मग गाळ. तुमच्या टाकीत पन्नास मिली उरलाय, त्यातलाही बराच मेलेला. जवळपासच्या, चांगल्या चालणाऱ्या, घरगुती सांडपाण्याच्याच प्लांटमधून एक टँकर ताजा गाळ आणून टाका. दह्याला विरजण लागतं तसंच हे. शेणाची पोती टाकायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नको म्हणा, चालू प्लांटचा गाळ कितीतरी सरस. रोज त्याच वेळी मोजपात्रात चाचणी करून भिंतीवर तारखेसह आकडा लिहायचा. दोन-तीन आठवड्यांत अडीचशेच्या रेघेपर्यंत याल. तोवर पाणी ड्रेनेजलाच जाऊ द्या.

त्या काळात वाळू आणि कोळसा बदलून घ्या. तुमचा कोळसा कधीच निकामी झाला असणार, आणि पिवळेपणा आणि वास पकडतो तो तोच. फिल्टर रोज उलटा धुतला जाईल हे बघा. फ्लशची गच्चीवरची टाकी आणि सगळी लाइन धुऊन क्लोरीनने निर्जंतुक करा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पाइपच्या फांद्यांतून पहिल्या दिवशी काळं पाणी आलं तर पुन्हा तोच गोंधळ.

मग आधी महिनाभर फक्त बागेला. ठिबकने किंवा मुळाशी, कारंज्याने उडवून नको. अधिकृत लॅबमधून पाणी तपासून घ्या, बीओडी (पाण्यात उरलेली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत हवा, विष्ठाजन्य जिवाणूंची तपासणीही सोबत करा. रिपोर्ट लिफ्टजवळ लावा. त्यानंतर एकच विंग फ्लशला जोडा, आणि शक्य असेल तर ती बी विंग असू द्या. काकूंना आधी एका काचेच्या बाटलीत ते पाणी दाखवा, हुंगायला द्या. शेवटच्या टाकीत क्लोरीन अर्धा ते एक पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) राहू द्या. त्यापेक्षा फार जास्त झालं तर फ्लशच्या टाकीतले रबरी वायसर खराब होतात आणि गळती सुरू होते. आणि शुद्ध केलेलं पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नका.

सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी लिहिते. आधीच्या कमिटीने फ्लशची लाइन चांगल्या पाण्याला जोडली होती. तो जोड नुसता वॉल्वने बंद करू नका. वॉल्व गळतो, कुणीतरी चुकून उघडतो, आणि एसटीपीचं पाणी स्वयंपाकघरात जातं. तो पाइप कापून दोन्ही टोकांना बूच मारायचे. अडीअडचणीला चांगलं पाणी फ्लशच्या टाकीत घ्यावं लागलं तर ते वरून, अंतर ठेवून, टाकीत पडेल असं करा, पाइपाला पाइप नको. मग चाचणी: चांगल्या पाण्याची टाकी बंद करून लाइन रिकामी करायची, फ्लशच्या टाकीत खाण्याचा निळा रंग घालून ती लाइन चालू ठेवायची, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा, बाथरूमचा, बाल्कनीचा नळ उघडून बघायचा. एका जरी नळातून पाणी आलं, तर कुठेतरी दोन लाइन जुळलेल्या आहेत. ते सापडेपर्यंत सुरू करू नका. भाडेकरूंनी नूतनीकरण करताना वॉशिंग मशीन फ्लशच्या लाइनला जोडलेलं मी पाहिलंय, म्हणून बंद फ्लॅटसुद्धा सोडू नका, मालकाकडून किल्ली मागवा.

बी विंगचा प्लंबिंगचा नकाशा मिळाला तर इथे टाका. शाफ्टमधली कुठली लाइन कुठे वळते ते बघून रंगाची चाचणी कुठून सुरू करायची ते सांगते.